अंशुमनचा परवाना

प्रिय अंशू,

आई म्हणते, तू तिच्याशी फोनवर तासभर बोलतोस आणि माझं नाव निघालं की लगेच नेटवर्क जातं. म्हणून पत्रच लिहिते आहे.

लक्ष्मीबाई नगरात सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. सकाळी पार्कात दोन बंगाली मावश्यांबरोबर फिरते आणि तिघी मिळून सुनांच्या तक्रारी करतात. आपल्याकडे सून नसूनही आई मागे नसते.

लहानपणी बाबा आपल्याला हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या रिजवर, त्या टेकडीवरच्या जंगलात न्यायचे, आठवतं? एकदा तू सापाची कात रुमालात बांधून घरी आणलीस. आईने घर डोक्यावर घेतलं आणि बाबा तुला शेजारी बसवून ती कात निरखत राहिले. तेव्हापासून तू जंगलाचाच झालास. बँकेची नोकरी सोडून लोकांना अरवलीत फिरवायला लागलास, तेव्हा नातेवाईक हळहळले. मी ऑफिसात पेढे वाटले. जंगलात माणसं नेणाऱ्या कंपन्यांना परवाने देणं, त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे वनखात्यातलं माझं काम, आणि त्या सगळ्यांत माझा भाऊ सरस! भावाची म्हणून तुझी फाइल मात्र पहिल्यापासून मी शेजारच्या अनुरागच्या टेबलावर सरकवायची.

मग गेल्या मार्चमधली ती फेरी. तुझा दुसरा गाइड आजारी पडला, माणसं परवान्यातल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तू एकटाच सगळ्यांना घेऊन निघालास. त्या माणसांतली रुचिरा दगडावरून घसरली, पाय मोडला. तू तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आलास. चौकशीत ती रडत म्हणाली, "भैया ने एक बार भी मुझे नीचे नहीं रखा." मला तुझा इतका अभिमान वाटला, काय सांगू. पण तेवढ्या वेळात बाकीचे लोक जंगलात गाइडशिवाय होते. त्यातले एक आजोबा वाट चुकले आणि संध्याकाळी जुन्या खाणीच्या कड्याशी सापडले. सुखरूप सापडले, अंशू. पण खबर मिळताच मी तिथे पोचले होते आणि ते सापडेपर्यंत त्यांची मुलगी माझा हात धरून बसली होती. तिची पकड मला अजून जाणवते.

सुनावणीला मी खोलीबाहेर जाऊन बसले. बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालास, "ताई, यार, एक शब्द तरी बोलली असतीस." नाही बोलले, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी बोलणार नाही. परवाना वर्षभर बंद झाला ते बरोबरच झालं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे मात्र आईने तुला सांगितलं नसेल.

आता पत्राचं खरं कारण. पुढच्या महिन्यात वर्ष संपतंय, तुला पुन्हा अर्ज करता येईल. पण तू करणार नाहीस, असं आईकडून कळलं. परवाना मिळाला तर बहिणीने दिला म्हणतील, असं तू तिला म्हणालास. ते ऐकलं आणि मी बदली मागून घेतली. काल ऑर्डर आली. सोमवारपासून मी खात्याच्या रोपवाटिकेत. जुनं काम मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण रोपांचंही जमेल हळूहळू. परवाने देणाऱ्यांत आता तुझं कोणी नाही. दोन गाइड ठेव आणि बेधडक अर्ज कर. मिळाला, तर तो फक्त तुझा असेल.

तुझ्यावर रागावता न येणारी,
तुझीच,
देविकाताई