राहीच्या नावाची काच

२२ जुलै

तीन काचा कमी! हिवतापाच्या तपासणीला रक्ताच्या काचा महिन्याला पंधरा द्यायच्या, झाल्या बारा. सगळा पाडा भाताच्या आवणीला. बांधावर उभी राहून घसा फोडला, बोट कोणी देईना. भिका म्हणतो, "मागल्या महिन्यात टोचलंस ना! बोट हाय का चाळणी? तुझंच रक्त घे, तुझ्यात लय हाय!" बायका फिदीफिदी. हसा मेल्यांनो.

शेजारी गेले. नवशा सुई बघूनच पळाला — एवढा बाप्या! त्याची बायको राही, पाचवा महिना. "नको ताय, पोटातल्याचं रक्त जातं." अगं, एक थेंब! नाहीच.

उद्या उमेश काचा न्यायला येणार. दवाखान्याचा आरोग्यसेवक. कमी दिसल्या की तोंड वाजवतो. आणि आशाताई म्हणून बोलणी मी खायची!

२३ जुलै

केलं. माझंच बोट टोचलं. तीन काचा. शिकवल्यासारखं — एक जाड ठिपका, बाजूला पातळ पसरवलेलं. वाळल्यावर पेन्सिलीने नावं. भिका, नवशा, राही. तिघांना ताप नाही. कोणाचं काय बिघडतं?

२७ जुलै

उमेशचा फोन. "मावशी, तुमच्याकडे तीन पॉझिटिव्ह! भिका, नवशा, राही. लॅबवाल्याने दोनदा बघितलं. जंतू आहेत." बाकी बारांत काही नाही.

तिन्ही मीच! ताप नाही, काही नाही. अंग दुखतं, ते म्हटलं वाकून वाकून दुखत असेल.

आता?

२९ जुलै

उमेश गोळ्यांची तीन पाकिटं घेऊन आला. मोठ्या तीन दिवस, बारक्या चौदा दिवस. "तुमच्यासमोर गिळायला लावा."

बारकी गोळी पोटुशीला द्यायची नाही — ट्रेनिंगला डॉक्टरीणबाई दहादा बोलल्या. राही तर मी दिलेली कुठलीही गोळी गिळेल. विश्वास आहे तिचा. सांगून टाकलं उमेशला. रक्त माझं आहे.

पोरगा पांढराफटक. मग हळूच म्हणतो, "रिपोर्ट वर गेला मावशी. आता बोललात तर तुम्ही घरी, मी पण घरी. गोळ्या तुम्ही घ्या. तिघं बरी झाली लिहा."

मी सगळ्यांशी भांडते. आज पाकिटं उचलून घरात नेली.

१२ ऑगस्ट

चौदा दिवस झाले. तोंड कडू. दोन पाकिटं कणगीमागे लपवलीत. कागदावर तिघांपुढे लिहिलं — बरे.

पाण्यावर राही भेटली. "ताय, बारीक झालीस गं! कोणाची नजर लागली?" तिच्याकडे बघवेना.

१९ ऑगस्ट

राहीला ताप. आधी हुडहुडी, दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजतात. मग अंग तव्यासारखं. आमच्या दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत. महिनाभर मला चावलेला डास तिकडे गेला नसेल कशावरून? गोळ्या सुरू करायच्या आधी मी किती दिवस तो जंतू घेऊन हिंडले, देव जाणे.

झटपट तपासणीचे किट संपलेत. उमेशला फोन केला, काच करते म्हटलं. "नका मावशी! तिला आत्ताच तर बरी दाखवलीय. परत पॉझिटिव्ह आली तर वरून विचारतील. दोन दिवस बघा. साधा ताप असेल."

साधा! पोटात पोर आहे तिच्या. दोन दिवस पोराने काय करायचं? फोन ठेवला. त्याला शिव्या दिल्या, मग मला दिल्या.

रात्रभर भिंतीपलीकडून तिचं कण्हणं.

२० ऑगस्ट

सकाळी गेले तर राहीने आपणहून बोट पुढे केलं. काच केली. पहिल्या जीपने तिला घेऊन मीच दवाखान्यात. फॉर्मवर तिचं नाव घातलं, 'गरोदर, सहावा महिना' लिहिलं. आणि खाली, मोठ्या अक्षरात — या नावाची आधीची काच माझ्या रक्ताची होती. सही केली.