मामाने न पाहिलेल्या दातांबाबत

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
तालुका आरोग्य कार्यालय, जाफ्राबाद,
जि. जालना.

अर्जदार: सौ. वंदना कल्याण गाडेकर, व्यवसाय शेती व घरकाम, रा. टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद.

विषय: माझी मुलगी कु. अर्पिता हिचे किडलेले दात काढण्यास घरातून होत असलेला अटकाव दूर होणेबाबत. तसेच तिच्या तपासणी कागदावरील ‘मातेचे दुर्लक्ष’ हा शेरा वगळणेबाबत.

संदर्भ: आमच्या अंगणवाडीत गेल्या महिन्यात झालेले बालकांचे दंत तपासणी शिबिर.

महोदय,

मी खाली सही करणार अर्जदार आपणास विदित करते की,

१. माझी मुलगी अर्पिता अडीच वर्षांची असून तिचे वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत किडले आहेत. एका दाताच्या मुळाशी पू झाला आहे. ओठ सुजतो, ताप येतो-जातो. भाकरी तिने कधीच सोडली, आता मऊ भातालाही तोंड उघडत नाही. शिबिरातील डॉ. तृप्ती मॅडम यांनी सांगितले की, हे दात जालन्याला नेऊन, भूल देऊन काढावे लागतील, आणि उशीर केला तर मागून येणाऱ्या पक्क्या दातांनाही बाधा होईल. मी त्यास तयार आहे. घर तयार नाही. अर्जाचे मूळ एवढेच आहे, पण ते समजण्यासाठी पुढील मजकूर वाचावा लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

२. सदर शिबिर बाहेरगावच्या एका सेवाभावी संस्थेचे होते. लेकरांचे दात आणि आयांची परिस्थिती यांचा संबंध त्यांना तपासायचा होता. त्यामुळे दात लेकराचे असले तरी प्रश्न मला विचारले गेले. शिक्षण किती, काम काय, लेकराला कोण सांभाळते, बाटली देता का, गोड देता का. मी सर्व खरे सांगितले. शिक्षण बारावी विज्ञान म्हटल्यावर मॅडमनी एकदा माझ्याकडे आणि एकदा अर्पिताच्या तोंडाकडे पाहिले. नंतर कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘मातेचे दुर्लक्ष’ असे लिहिले. मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या, त्यांनी अर्पिताला फुगाही दिला. परंतु सदर शेरा मला मान्य नाही.

३. आमच्या शेडनेटमध्ये बियाण्याची मिरची आहे. त्यातील क्रॉसिंगचे काम, म्हणजे एका झाडाच्या फुलातली भुकटी दुसऱ्या झाडाच्या फुलाला हाताने लावणे, आम्ही बायका सकाळपासून करतो. आत लहान लेकरू नेता येत नाही. अर्पिता सासूबाईंजवळ राहते. ती रडली की सासूबाई साखर घातलेल्या दुधाची बाटली तिच्या तोंडात देतात आणि ती बाटली तोंडात ठेवूनच झोपते. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, लेकरामागे पळणे त्यांना होत नाही. पण बाटली देण्याचे दुसरेही एक कारण आहे. बाटली असली की तोंड बंद राहते आणि तिचे वरचे दात कुणाला दिसत नाहीत.

४. आता दातांविषयी. अर्पिताला वरचे दात आधी आले. आमच्या भागात असे झाले की ते मामाला जड जाते असे मानतात. आमच्या घरात त्याला उपाय असा आहे की, मामाने चांदीची नवी वाटी आणायची, तीत गोडेतेल ओतून त्या तेलात लेकराचे तोंड पाहायचे, मग वाटी लेकराला द्यायची. तोपर्यंत त्या दातांना कुणी हात लावायचा नाही. घासायचे नाहीत, पुसायचे नाहीत. सासूबाईंचे शब्द असे: “मामानं तोंड पाह्यल्याबिगर दाताला हात न्हाई लावायचा. मंग काय झालं तर मला न्हाई म्हणायचं.”

५. मला एकच भाऊ होता. माऊली. वडीगोद्रीला हायवेवर त्याचे टायर-पंक्चरचे दुकान होते. ही रीत ऐकून तो फोनवर खूप हसला. म्हणाला, “अगं, चांदीची वाटी तर मी अशीबी देणारच व्हतो. येतो जल्दी.” जालन्यात मस्तगडला थांबून त्याने वाटी घेतली आणि मोटारसायकलने टेंभुर्णीकडे निघाला. तो आमच्या घरी पोचला नाही. पोलिसांनी दिलेल्या वस्तूंत त्याच्या दस्तीत, म्हणजे रुमालात, गुंडाळलेली ती वाटी होती. वाटीचा काठ एका बाजूला चेपलेला आहे, बाकी ती नवीच आहे.

६. महोदय, समोरून आलेला ट्रक चुकीच्या बाजूने येत होता, असे पंचनाम्यात स्पष्ट आहे. परंतु आमच्या दोन्ही घरांत ट्रकचे नाव कुणी काढत नाही. सर्वजण दातांचे नाव काढतात. माझी आई झुंबरबाई हिने अर्पिताला अजून मांडीवर घेतलेले नाही. मागच्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा तिने दारातच पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, “तिला घरात आणू नको वंदे. ती हसली की मला माऊलीच दिसून राह्यलाय.” आईचे म्हणणे एका अर्थी खरे आहे. अर्पिताची ठेवण मामाची आहे, आणि माझीही तीच आहे. लहानपणी आम्हा दोघांना गावात लोक एकमेकांच्या नावाने हाक मारत. त्या दिवशी मी दारातूनच परत फिरले.

७. तेव्हापासून उपाय अर्धवट राहिला आहे आणि दात कुणी न हाताळता किडले आहेत. अर्पिता दुपारी झोपेत दात खाते. तो आवाज आला की सासूबाई आपली सतरंजी दुसऱ्या खोलीत नेतात. मी मात्र तिथेच बसते. ‘मामा’ हा शब्द ती ‘आई’च्या आधी शिकली, कारण घरात तोच सारखा ऐकू येतो. यापुढील गोष्ट मी कुणास सांगितलेली नाही. सदर वाटी मी फळीवर पालथी ठेवते. शेडनेटवरून येऊन पाहावी तर ती उताणी असते. सासूबाई त्या फळीकडे बघतही नाहीत आणि अर्पिताचा हात तिथपर्यंत पुरत नाही. यावर आपल्या कार्यालयाने काही कार्यवाही करावी अशी माझी अपेक्षा नाही. केवळ नोंद असावी.

८. मी बारावी शिकलेली आहे. दातांनी माणूस मरत नाही हे मला माहीत आहे. पण ते माहीत असूनही मला भीती वाटते, हे मी आपणापासून लपवत नाही. शिबिरानंतर मी माझे पती कल्याण यांना जालन्याला चला म्हणून विनंती केली. ते म्हणाले, “मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो? मायला इचार.” सासूबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, मामाने न पाहिलेले दात उपटले तर पीडा मोकळी सुटेल आणि आता तिला दुसरा मामा कुठला. संमतीपत्रावर आईची एकटीची सही चालते, असे गावच्या आशा सेविका आशाताई यांनी मला सांगितले आहे. त्यांचे बरोबर आहे. पण गाडीची किल्ली पतीकडे असते, आणि तापलेले लेकरू घेऊन मी एकटी बसस्टँडवर उभी राहिले तर परत या घरात येता येईल का, हे आशाताईंना सांगता आले नाही.

९. दुसरा मामा शोधण्याचा प्रयत्नही मी केला. माझ्या चुलत भावांना फोन केले. सगळे मायेने बोलले. हरिओम तर रडला. पण वाटीत तोंड पाहायला कुणी तयार झाले नाही, आणि प्रत्येकाला लेकरेबाळे असल्याने मी आग्रह केला नाही. म्हणून या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात मी अशी मागणी लिहिली होती की, शासनाने अर्पितासाठी एक मामा नेमून द्यावा, किंवा आपण स्वतः टेंभुर्णीला येऊन पदसिद्ध मामा म्हणून तिचे तोंड पाहावे. ती मागणी मी मागे घेत आहे. आपल्यालाही घरदार असेल.

१०. काल मंगळवारी घरचे सर्वजण शेडनेटवर होते, सासूबाईही बसून करायच्या कामाला गेल्या होत्या. अर्पिताला ताप असल्याने मी घरी थांबले. वाटी उताणीच होती. मी तीत गोडेतेल ओतले, माऊलीची दस्ती डोक्याला बांधली आणि अर्पिताला मांडीवर घेऊन तेलात पाहिले. मला तिचे तोंड दिसले आणि त्याच्या शेजारी माऊलीचे दिसले. मी हलले तेव्हा तोही हलला, म्हणजे ती मीच असणार. अर्पिता तेलाकडे बघून ‘मामा’ म्हणाली आणि तिने आपणहून तोंड उघडले. तिने माझ्यासमोर असे तोंड कधीच उघडले नव्हते. मी ओल्या फडक्याने तिचे दात पुसले, पहिल्यांदाच. तिला दुखले असणार, पण ती रडली नाही. रडले मी.

११. रीतीप्रमाणे मामाने तोंड पाहिलेले आहे. ते मी पाहिले म्हणून चालणार नाही असे घरी म्हणतील. आमच्याकडे माझ्या शब्दापेक्षा सरकारी शिक्क्याला जास्त मान आहे. करिता,

अ) अर्पिताचे दात आपण ठरवाल त्या तारखेस काढावेत, असे आपल्या सहीशिक्क्याचे पत्र माझे पती यांच्या नावे घरी यावे, आणि त्यात ‘मामाकडील विधी पूर्ण झाला आहे’ एवढे एक वाक्य असावे.

ब) तपासणी कागदावरील ‘मातेचे दुर्लक्ष’ खोडावे. त्या जागी काय लिहावे हे मला सांगता येत नाही. तो रकाना फार लहान आहे.

क) वरचे दात मामाला जड असतात, आणि कालपासून ती जागा माझ्याकडे आली आहे. तेव्हा यापुढे माझे काही बरेवाईट झाले, रस्त्यात, शेतात किंवा साध्या तापाने, तर त्याचे कारण म्हणून अर्पिताच्या दातांचे नाव कुणी घेऊ नये, असे आपण आजच लिहून ठेवावे. माझ्या आईने तिला मांडीवर घेतलेले नाही. उद्या मीही नसले, तर या कागदाशिवाय तिच्या बाजूने बोलणारे कुणी उरणार नाही.

तिला पक्के दात यायचे आहेत. ते येतील तेव्हा कोणते आधी आले, हे कुणी मोजू नये, एवढ्यासाठी हा अर्ज आहे. आपण तो शेवटपर्यंत वाचला असल्यास मी आपली ऋणी आहे.

आपली नम्र,

(सही)
सौ. वंदना कल्याण गाडेकर
अर्पिताची आई, आणि कालपासून मामा

ठिकाण: टेंभुर्णी
दिनांक: ११ डिसेंबर २०२४

सोबत:
१. शिबिरातील तपासणी कागदाची छायाप्रत.
२. अर्पिताच्या जन्म दाखल्याची छायाप्रत.
३. चांदीची वाटी, एक, काठाला चेपलेली. पुरावा म्हणून जोडली आहे. दात काढून झाले की परत मिळावी, ती अर्पिताची आहे. तोवर कार्यालयात पालथी ठेवू नये. राहणार नाही.