अर्पणपत्रिकेचं पान

नगर, गुरुवार, ७ नोव्हेंबर १९४६. संध्याकाळ.

कादंबरीची शेवटची प्रुफं तपासायला छापखान्यात गेलो होतो. अर्पणपत्रिकेवर ‘ती. आईस’ असं जुळवून तयार होतं. मालक गोविंदराव माझ्याकडे न बघताच म्हणाले, “अण्णा, हे पान शेवटी घेऊ का? प्रकाशन रविवारी आहे. तोवर... पाहू.”

“काय पाहू?”

“आईंचं कळलं. ऐनवेळी ‘ती.’ काढून ‘कै.’ घालायची वेळ आली, तर छापलेला कागद वाया जायचा. हल्ली कागद कुठं मिळतो?”

माणूस वाईट नाही. पण मी ताडकन म्हणालो, “आत्ता छापा!” सही ठोकली आणि निघालो.

चौथीत शाळा सुटलेला मी. पण सबंध पुस्तकात एक वेलांटी चुकू दिली नाही. मग या ‘ती.’वर कुठल्या भरवशावर सही केली? आईच्या पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर आता बोलतसुद्धा नाहीत.

घरी आलो तर आई भिंतीला टेकून बसलेली.

“बुकात घातलं का रं मला?”

“घातलं. रविवारी हातात देतो.”

“आयतवारी? लई लांब हाय की!” आणि हसली.

थट्टा केली, की खरंच सांगितलं? विचारायचं धाडस झालं नाही.

आत बायको पेजेची वाटी घेऊन बसली आहे आणि आई नको नको म्हणते आहे. उठायला हवं. आज आईवरच ओरडेन की काय, अशी धास्ती वाटते.