वारा उलटा होता

चांदे, ४ फेब्रुवारी २०२५

चि. रेश्मास जयसिंगकाकाचे आशीर्वाद.

फोनवर तोंड सुटेल, म्हणून लिहितोय. महिन्यापूर्वी शेजारचं रंगाचं गोदाम पेटलं. त्यात आपला गोठा आणि दोन्ही म्हशी गेल्या. तिकडे बंगळुरात तुझ्या जिवाला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं. आता चौकशीचा अहवाल आलाय, आगीचं गणित तुझ्याच कंपनीने करून दिलेलं. वारा गोठ्याकडून गोदामाकडे होता, सबब आग तिकडून येणं शक्य नाही. गोठा तुझ्या काकूच्या चुलीनेच पेटला. खाली सही तुझी.

शेकोटीला वारा पाठीवर असला तरी तोंड भाजतंच ना? म्हशी सोडायला गेलेल्या काकूचा गोदामाकडचा गाल भाजलाय, ज्वाळ अंगाला न लागता. हे तुला कॉलेजात शिकवलं नाही? मला तुझा फार राग आलाय.

तुझा काका

बंगळूर, १६ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

शिकवलं होतं, काका. वाऱ्याबरोबर जाणारी उष्णता आमच्या वाहत्या हवेच्या समीकरणांत असतेच. पण ज्वाळेची धग उन्हासारखी सरळ सुटते, वाऱ्याला विचारत नाही. ऊर्जेच्या समीकरणात तिचं वेगळं पद घालावं लागतं. कुठल्या दिशेला किती गेली, धुराने किती गिळली, सगळं मांडावं लागतं. त्याला आठवडा जातो. साहेबांना दोन दिवसांत अहवाल हवा होता. मी त्या जागी शून्य लिहिलं.

कागदावर चांदे आणि गट नंबर होता. आपला गट नंबर मला ठाऊकच नव्हता, आणि मी विचारलंही नाही.

ते पद घालून पुन्हा गणित केलं. वारा उलटा असूनही पेंढा नवव्या मिनिटाला पेटतो. सुधारलेला अहवाल पाठवलाय. नोकरी जाईल, जाऊ दे. काकूला सांगा, तिची चूक नव्हती.

आपली रेश्मा

चांदे, २१ फेब्रुवारी

चि. रेश्मास आशीर्वाद.

पत्र उशिरा पोचलं. सोमवारीच काकूने जबाबावर सही केली. मी अडवलं, तर म्हणाली, गणित आपल्या रेश्मानं केलंय, ती खोटं लिहील व्हय, माझीच ठिणगी असंल. चौकशीवाले आता म्हणतात, बाईने कबूल केल्यावर नवं गणित कशाला? घरी येऊन तिने पहारीने चूल फोडली.

तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. तू ये आणि तिच्यापुढे बसून वाच. ती आधी तुला जेवलीस का विचारेल.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. तिचा आहेच. माझं मला सांगता येत नाही.

जयसिंग