होमवर बसवलेला पुतळा

प्रिय सर,

रविवारी तुमच्या पुतळ्याचं अनावरण आहे. आपल्या बेसबॉल संघाचा इतिहास मी सांगायचा, असं ठरलंय. "गोड बोल गं, पाहुणे हायत," असं पुतळा समितीच्या अध्यक्षांनी बजावलंय. गोड मला जमत नाही, म्हणून आधी तुम्हालाच लिहिते.

पुतळा कुठे बसवलाय माहितीये? होमवर! धावत येऊन जिथे पाय टेकवला की धाव मिळते, नेमकी तीच जागा खणली. मी ओरडले, तर अध्यक्ष म्हणतात, "आगं, मैदानात तेवढीच जागा सपाट हाय. लय शोभतंय बघ." सपाट कशानं झाली ती? इतकी वर्षं आम्ही पोरी तिथे घसरून गुडघे फोडून घेतले, म्हणून ना!

हेच अध्यक्ष पारावर बसून हसायचे, आठवतं? "सर, पोरींच्या हातात धोपाटणं दिलंय व्हय? धुणं तरी शिकतील." होममागे बसून चेंडू अंगावर घ्यायची मी, म्हणून तुम्ही पोत्यात कापूस भरून माझ्या छातीचं पॅड शिवलंत. ते बांधून आपण सांगलीत, विश्रामबागेच्या मैदानावर, तिथल्याच पोरींना हरवलं. परत आपल्या जतला उतरलो, तर स्टँडवर कुत्रं नव्हतं स्वागताला.

खेळाडूंना नोकरीत राखीव जागा असतात हे कळलं, आणि गाव तुमच्या दारात! "पोरगी उन्हात काळी हुईल, खेळवू नगा. तेवढं सर्टिफिकेट द्या." तुम्ही त्यांनाही चहा पाजलात. असा राग यायचा तुमचा! एकाला तरी हाकलायचं होतं की हो!

सरावानंतर प्यायला एक घागर मागितलीत, तेव्हा अध्यक्ष काय म्हणाले? "माणसांना न्हाई, खेळाला कुठलं पाणी?" आता तुमच्या चौथऱ्यावर रोज टँकर रिकामा होतोय. सिमेंट तडकायला नको ना! पोरींचे ओठ तडकलेले चालत होते.

आणि पुतळ्याचं नाक तुमचं नाहीच. अध्यक्षांच्या वडिलांचं आहे.

तुमच्या मागे पोरींना मीच शिकवते. काल त्या चौथऱ्याकडे बघत उभ्या होत्या. धाकटी रडत म्हणाली, "ताई, आता खेळायचं कुठं वो?" तिला काय सांगू? सरांचा मान राखायला सरांचा खेळ बंद केलाय म्हणून?

सर, शब्द देते. रविवारी मी भाषण करणार नाही, सामना लावणार आहे. होम तिथेच राहील. चौथऱ्याची पायरी शिवली की धाव. पाहुणे पायरीवर उभे असतील, तर असू देत. होम अडवणाऱ्याकडे बघून पाय आवरायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंय.

तुमची कॅचर,
शोभा