कार्बोरेटरमागची टोपी

३ मार्च, मंगळवार

सगळं बिघडलं ते आज सकाळी, सव्वाअकराला. तिने किल्ली गॅरेजात मामाच्या टेबलावर टाकली आणि म्हणाली, "विकून टाकते मी ही. बस्स झालं!"

तिच्या बाबांची गाडी. लाल, दोन सीटची, आमच्या दोघांपेक्षा वयाने मोठी स्पोर्ट्स कार. बाबा गेले, गाडी राहिली. जानेवारीपासून चौथ्यांदा गॅरेजात आलीय, तक्रार तीच — सिग्नलला थांबली की आचके देते, बंद पडते. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात.

मामा लगेच गोडगोड. "ताई, इंजिनच गेलंय हो. मीच ठेवून घेतो, भंगाराच्या भावात का होईना. तुमची कटकट तरी जाईल!" आणि मला डोळा मारला. शी!

इंजिन गेलेलं नाही. कुठूनतरी फालतू हवा खेचतंय. मला माहीत आहे. तरी तोंड उघडलं नाही. भेकड!

पुढच्या मंगळवारी ती गाडीचे कागद घेऊन येणार.

४ मार्च

तीनदा हात धुतले. वास जात नाही.

६ मार्च, शुक्रवार

मामा सामान आणायला गेला, मी बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून सांध्या-सांध्यावर स्प्रे मारत गेलो. आवाज बदलला की समजायचं, हवा इथून शिरतेय. गॅस्केट ठीक. ब्रेकचा पाइप ठीक. कार्बोरेटरमागे स्प्रे मारायची गरजच नव्हती. तिथली रबरी टोपी माझ्या खिशात आहे. जानेवारीत सर्व्हिसिंगला आली होती, तेव्हापासून.

लिहिलं एकदाचं!

बोराएवढी टोपी. ती काढली की गाडी बिघडते, गाडी बिघडली की ती येते. दर वेळी मी स्क्रू फिरवून पंधरा दिवसांपुरती गप्प करायचो. ती स्टुलावर बसून विचारायची, "तुला खरंच कळतं का रे यातलं, की नुसतं काळं व्हायला कॉलेज सोडलंस?" तेवढ्यावर मी आठवडा काढायचो. थू माझ्यावर!

आज टोपी बसवून पाहिली. तरी आचके! म्हणजे आणखी कुठेतरी आहे. इंजिन बंद केलं, हवा आत घेणाऱ्या तोंडात फडकं कोंबलं, आत धूर सोडला. खालच्या बारक्या पाइपातून धुराची रेघ निघाली. आरसा धरला. जुनं रबर वेडंवाकडं तडकतं. हा काप सरळ होता — ब्लेडचा.

मामा आल्या आल्या विचारलं, "पाइप कुणी कापला?"

हसला! "आणि टोपी कुणी काढली, भाचेबुवा? बघतोय की मी. तुला पोरगी हवी, मला गाडी. घरातल्या घरात कशाला तमाशा?"

बॉनेट आपटून बंद केलं. राग मामाचा आला, असं लिहिणार होतो. माझाच आला.

९ मार्च, सोमवार

नवा पाइप टाकला. टोपीही नवीच. जुनी परत खिशात — का, कोण जाणे. चालू इंजिनावर चहाचा कप ठेवला. साय जरा थरथरली, बस्स.

उद्या फक्त पाइपाचं सांगितलं, तर मामा उघडा पडेल आणि मी हिरो. तो टोपीचं बोलला तरी त्याचं कोण ऐकतंय? दिवसभर डोक्यात हेच. किती घाण आहे आपल्यात!

१० मार्च

सांगितलं. दोन्ही. तिला, मामासमोर.

तिने टोपी तळहातावर घेतली. मग म्हणाली, "दोन महिने मी बाबांना बोल लावत होते. असलं खटारं माझ्या गळ्यात बांधून गेले म्हणून."

टोपी तिने टेबलावर ठेवली.

किल्ली उचलली, कागद उचलले. गाडी नाक्यावरच्या सिग्नलला थांबली. आचका नाही, काही नाही. गेली.

मामा ओरडत होता, "आता हेही सोडणार का? जाशील कुठे?" फडकं त्याच्या टेबलावर ठेवलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.