पळण्याआधी पाणी नाही

१२ एप्रिल, शनिवार. नांदेड.
साडेपाचला मैदान. सात मुली. पोलीस भरतीची मैदानी चाचणी सतरा दिवसांवर, लातूरला. रुक्मिणी पुन्हा उशिरा. दोन फेऱ्या जास्त दिल्या. सुजाता ८०० मी. ३ मि. ०२ से. २.५० आणायचेत. येतील. बाकीच्या मध्येच बाटलीला तोंड लावतात, ही नुसती चूळ भरून थुंकते. सगळ्यांसमोर सांगितलं, शिस्त म्हणजे ही. पळण्याआधी पाणी नाही. शाळेत पी.टी. शिकवायचे तेव्हापासून हेच सांगत आले.

१३ एप्रिल, रविवार.
उद्या जयंती, तरी येते म्हणाली सु. नको म्हटलं. "आईनं ह्याच खेपेपुरतं हो म्हटलंय मॅडम. न्हाई झालं तर जूनपासून पुण्याला कंपनीत, मावसबहिणीच्या खोलीवर." मग रडतेस कशाला, पळ, म्हटलं. रडत नव्हती खरं तर. ओठ फुटलेले. उन्हाळाच आहे.

१६ एप्रिल, बुधवार.
पडली. शेवटच्या दोनशे मीटरला वाकडी पळायला लागली. मी ओरडत होते, "रेषेत! रेषेत!" मग गुडघ्यांवर, मग आडवी. पाय वर धरले. दोन मिनिटांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर "टायमिंग किती?"
ऑटोत घालून डॉ. मीनाक्षीकडे, रुक्मिणी सोबत. माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून सातला दार उघडलं. सलाईन.
"शेवटचं पाणी कधी प्यालीस?"
"काल सातला."
"सकाळी?"
"संध्याकाळी."
डॉ.ने पेन खाली ठेवलं. बाहेर रु.ला धरलं. ती म्हणाली, "मैदानावर बाथरूम कुठंय मॅडम? ही कंधारकडून पहिल्या गाडीनं येते, अभ्यासिका उघडते दहाला, बाथरूम तिथंच. प्यालं की पंचाईत. आम्ही सगळ्याच कोरड्या येतो, थोड्याथोड्या. ही जरा जास्त."
"मग सांगायचं नाही?"
"तुम्हाला?"
रक्तही कमी निघालं. दहा दिवस पळणं बंद. निघताना डॉ. म्हणाली, "आम्हालाही शाळेच्या कॅम्पात पाणी देत नव्हता तुम्ही. टाकीला कुलूप असायचं." मला आठवत नाही म्हटलं.

१७ एप्रिल.
आठवतं. पितळी कुलूप. किल्ली शिट्टीच्या दोरीला, माझ्या गळ्यात.

१८ एप्रिल, शुक्रवार.
मैदानाला लागून शाळा, तिथे शौचालय आहे. शिपाई म्हणतो, साहेबांची परवानगी लागते. साहेब रजेवर. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे. इतकी वर्षं मी घरून जाऊनच मैदानावर येते, म्हणून कधी…
घराची किल्ली शिट्टीच्या दोरीला बांधून कडुनिंबाच्या फांदीला अडकवली. सगळ्यांना सांगितलं, विचारायचं नाही, जायचं, यायचं. सहा जणी जाऊन आल्या. रु. म्हणे, "मॅडमचं घर लई गप्प हाय." हसल्या. हसू दिलं. सु. गेली नाही. "लागली न्हाई."

२२ एप्रिल, मंगळवार.
सु.ला पळू देत नाही, नुसतं बसवते. येताना लिटरची भरलेली बाटली हातात देते, सातला रिकामी परत घेते. चार दिवस शाबास म्हणत होते. आज कडुनिंबाच्या मागे गेले, तर बुंध्याशी चिखल.
बोलावलं. खोटं बोलली नाही.
"मॅडम, लातूरला चार-चार तास रांगेत बसवतात. मागच्या खेपेला बघितलंय. जागा सोडली की नंबर गेला. आता सवय मोडली तर त्या दिवशी काय करू? लातूरला तुमचं घर न्हाई."
आवाज चढवला तेवढा.

२६ एप्रिल, शनिवार.
डॉ. स्पष्ट म्हणाली, रक्त दहा दिवसांत भरत नाही, माझं मत पळू नये. पळलीच, तर पाणी पिऊन, मीठ-साखर घालून, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की जागच्या जागी थांबायचं. "थांबेल का ती?" मला विचारत होती.
माझ्यासमोर दोन ग्लास प्याली. अर्ध्या तासाने चारशे मीटर, सावकाश. चक्कर नाही. बाथरूमलाही गेली, पहिल्यांदा.
तिच्या आईला फोन लावला. पडली ते सांगितलं, रक्ताचं सांगितलं, पाण्याचा नियम माझा होता तेही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग, "पोरगी ऐकती कुणाचं, तुमचंच. तुम्ही म्हणाल तसं."
हे नको होतं मला.

२८ एप्रिल, सोमवार. लातूर.
दुपारच्या एस.टी.ने आलो. रु.च्या मामांकडे मुक्काम. सु. दोन भाकरी जेवली. जाऊ नको म्हणायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा बुटाच्या नाड्यांबद्दल बोलले.

२९ एप्रिल, मंगळवार. मैदानाच्या भिंतीबाहेर, ७.४०.
पाचला फाटकाशी. मीठ-साखरेचं पाणी तिच्या हातात दिलं. तेवढ्यात नंबर पुकारायला लागले, मुलींची रेटारेटी, ती भिंतीकडे तोंड करून उभी. आली तेव्हा बाटली रिकामी. तोंड पुसत होती.
"प्यालीस?"
"हाव."
"अंधारी आली तर थांबायचं. जागच्या जागी."
"तुम्ही थांबला असता, मॅडम?"
फाटक लागलं. हो म्हणायला हवं होतं. खोटं असलं तरी.
आत काही दिसत नाही, भिंत उंच. पिशवी आणि बाटली माझ्या मांडीवर. उजाडल्यावर ती उभी होती तिथे जाऊन पाहिलं. भिंतीच्या कडेला माती ओली होती, ताटाएवढी. पण तिथे चाळीस पोरी उभ्या होत्या, कुणी चूळ भरली असेल. बोट लावून पाहिलं. चिकट नाही. गोड आहे का, ते पाहायचा धीर झाला नाही.
महिला ८०० मी. पुकारलं. तिचाच गट.
शिट्टी. घड्याळ लावलं.